माझ्याच गाडीची चोर

सहासष्टाव्या वर्षी आपल्याला सगळी अक्कल आलीय, असं मला वाटे. आता बहात्तरी गाठल्यावर त्या बाईचं हसू येतं. केसांना कलप, डोळ्यांवर काळा चष्मा आणि बुडाखाली नवीकोरी गाडी. गाडी माझ्या नावावर, पण मुलाची अट होती: कारापूर ते साखळीचा बाजार, त्यापुढे गेलीस तर चावी माझ्याकडे.

मी दर सोमवारी थेट समुद्रकाठच्या मोरजीला जायची.

आमच्या घरी सोमवार म्हणजे शिवराक, मासळीचं नाव काढायचं नाही. मोरजीच्या माझ्या बालमैत्रिणीकडे असले वार पाळत नाहीत. सुनेला सांगायचं, देवळात जाऊन येते. आणि तिसऱ्यांचं सुकं चापून, बडीशेप चघळत परत यायचं.

एका सोमवारी मैत्रिणीने जेवता जेवता सांगितलं, असल्या नव्या गाड्या कुठे फिरतात ते मोबाइलवर दिसतं म्हणे. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला; कामाच्या रगाड्यात त्याने आजवर बघितलं नसावं, पण उद्या बघितलं तर चावी गेलीच. हात धुतले आणि गाडीच्या कंपनीला फोन लावला. मोठ्या ऐटीत सांगितलं, गाडी माझी आहे, हा पहारा बंद करा. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा. मी मोबाइल उलटासुलटा करून बघत बसले. गाडी घेताना मुलाने नंबर स्वतःचा दिला होता, हे आमच्या अकलेच्या भांडाराला आठवलंच नाही.

तिकडे तो ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जाऊन पडला आणि त्याला वाटलं, गाडी चोरांनी पळवली. त्याने वास्कोत बसल्या बसल्या मोबाइलवरून तिचं इंजिनच बंद करून टाकलं. इकडे मी अंगणात बटण दाबतेय, देवाचं नाव घेतेय, गाडी ढिम्म. मैत्रीण म्हणाली, "बाय, धकलूया गे?" दोघींनी ढकललीसुद्धा. गुडघे तेवढे हलले.

मग त्याचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस. आपली गाडी चोरीला गेलीय. मोरजीला दिसतेय. मी पोलिसांना कळवतो."

पोलीस आले असते ते मैत्रिणीच्या अंगणातच.

"चोर मीच रे," मी म्हटलं. "जेवायला आलेय."

तो म्हणाला, "आज सोमवार ना?"

संध्याकाळी बसेस बदलत तो पोचला. मी चावी पर्सच्या तळाशी दडवली होती. त्याने मागितलीच नाही. मोबाइलवर काहीतरी दाबून डाव्या बाजूला बसला आणि म्हणाला, चालव, बघूया. भाड्याच्या स्कूटरवाल्या पर्यटकांमधून मी गाडी काढली. तो कारापूरपर्यंत नसलेला ब्रेक पायाने दाबत होता. दारात उतरताना एवढंच म्हणाला, चावी ठेव तुझ्याकडे, पण पहारा बंद करायचा नाही.

सुनेला त्याने काही सांगितलं नाही. आता गाडी मोरजीला थांबली की त्याचा मेसेज येतो, आज काय? मी माशांच्या हुमणाचा, म्हणजे आमच्या आमटीचा, फोटो पाठवते. तो बिचारा तेव्हा बंदरात बसून बायकोने दिलेला शिवराक डबा खात असतो.