मुलुंड ते बोरिवली: आरसा वाकडा की बाबांचा डोळा?

दसऱ्याला आमच्याकडे बाबांच्या दुर्बिणीचीही पूजा होते. भांडुपच्या कारखान्यात टर्नर होते ते. तिचा मोठा आरसा त्यांनी स्वतः घासलाय. यंदा मी हौसेने झेंडूचा हार थेट नळीच्या तोंडात, छोट्या आरशाच्या पट्टीला अडकवला. झालं! शनी फिसकटलेला दिसायला लागला. मलाही तसाच दिसत होता, पण बाबा ऐकेनात. "आरसा नाही गं, माझा डोळाच गेला." मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

बोरिवलीच्या वर्षाला, माझ्या मैत्रिणीला, फोन केला. "आरसे हललेत, यार. मोबाइलने जुळवू, घेऊन ये."

शनिवारी दुपारी निघालो. कुणाला दुर्बीण न्यायची असेल तर टॅक्सी मोठीच मागवा. घोडबंदर रोडने साडेआठशे झाले आणि घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला मी नळी पोटाशी धरली. वाटेत चहा-भजी घेतली. बाबांनी भज्याला हातही लावला नाही.

वर्षाची गच्ची जंगलाच्या बाजूला, तिथे दिवे कमी. उजेड असतानाच तिने नळी आडवी ठेवायला लावली. "उभी धरलीस आणि पाना आत पडला, तर आरशाची वाट लागली समज!" डोळा लावायच्या भोकावर तिने मोबाइल धरला. ॲपने स्क्रीनवर गोल काढले होते, आणि आतल्या आरशांचे गोल त्यांच्यापासून चांगलेच सरकलेले. ती बघत होती, मी स्क्रू फिरवत होते.

"अगं, जरासाच! जोर नको लावू."

अर्ध्या तासाने गोलात गोल बसले.

सातला शनी लावला. मी बघितलं, एकदम स्वच्छ! आणि तेव्हाच खरी घाबरले. आता आरशावर ढकलायची सोय उरली नव्हती.

बाबा वाकले. "वा, झकास! कडं बघ, कसं कोरल्यासारखं." बराच वेळ बोलत राहिले. शनी मिनिटभरात नजरेआड सरकतो, नळी हळूच ढकलत राहायची, हे त्यांनीच मला शिकवलंय. त्यांनी नळीला हात लावला नव्हता. ते बाजूला झाल्यावर मी वाकले. नुसता काळोख होता.

"मस्त, बाबा," मी म्हणाले. परतीच्या टॅक्सीत नळी पुन्हा पोटाशी धरून बसले.

आरसे जुळवणं सोपं आहे, घाबरू नका, असं इथे लिहायचं ठरवलं होतं. सकाळी चहाला बाबांनी विचारलं, "काल तू वाकलीस, तेव्हा शनी होता का गं?"

"नाही, बाबा."

"मी वाकलो तेव्हाही मला दिसला नव्हता." त्यांनी कप खाली ठेवला. "डॉक्टरांची वेळ घे. आणि तू सोबत ये. मला एकट्याला भीती वाटते."