तायडे सरांची खडूची घरं

तायडे सरांच्या शर्टाच्या खिशात खडू असायचाच. शाळा असो, सुट्टी असो, कुणाचं लग्न असो. शाळेत तो फळ्यासाठी लागे आणि रविवारी ओसरीच्या फरशीसाठी. नांदुऱ्याच्या आमच्या गल्लीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि शाळेत माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे विज्ञानाचे शिक्षक. मी मराठीचा. शाळेत ते मला 'सर' म्हणत आणि गल्लीत 'मराठीवाले'.

मिक्सर असो, पंखा असो, काहीही उघडायचं झालं की सर आधी फरशीवर खडूने ओळीत गोल काढत. निघालेला पहिला भाग पहिल्या गोलात, दुसरा दुसऱ्यात. या गोलांना ते घर म्हणत. "परत्येकाले त्याचं घर पाह्यजे, मराठीवाले. घर नसलं का स्क्रू हरवते, अन् मंग आपन स्क्रूले शिव्या देतो." जोडताना शेवटच्या घरापासून उलटं यायचं. सगळी घरं रिकामी झाली की काम संपलं. वर्गात 'विद्युतधारा' म्हणणारा हा माणूस ओसरीवर मांडी घालून बसला की "करंटच पोचून नाही राह्यला" असं म्हणे. मला ही त्यांची ओसरीवरची भाषाच जास्त आवडायची.

सरांना गाडीची हौस नव्हती. जुनी का होईना, त्यांनी गाडी घेतली ती सुनंदावहिनींसाठी. वहिनींच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी खामगावला डायलिसिस असायचं आणि एसटीत उभं राहण्याची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. ठरलेल्या वेळी पोचलं तरच मशीन मिळे, कारण एकामागून एक पेशंट रांगेत असत. त्यामुळे ती गाडी सकाळी सुरू होणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. बाकी सगळं त्याच्यानंतर.

एका शुक्रवारी खामगावहून परतताना गाडी कुरकुरायला लागली. चावी फिरवली की इंजिनाला पहिला गरका देते ती छोटी मोटर, तिला आमच्याकडे सगळे सेल्फ म्हणतात. सरांच्या गाडीचा सेल्फ नुसतं 'टक्' करून गप्प बसायचा. गॅरेजवाला म्हणाला, गाडी तीन-चार दिवस ठेवा. मधे मंगळवार होता. सर गाडी घेऊन परत आले.

मला म्हणाले, "आधी आयकाचं, मंग उघडाचं. तुम्ही चावी फिरवा." स्वतः बॉनेटखाली कान लावून उभे राहिले. मी चावी फिरवली. टक्. मग त्यांनी समोरचे दिवे लावायला सांगितले आणि पुन्हा चावी. टक् झालं, पण दिवे मंद झाले नाहीत. सर म्हणाले, "म्हंजे बॅटरी चांगली हाय. सेल्फच करंट घेऊन नाही राह्यला." त्यांनी पान्याच्या दांड्याने सेल्फला हलकेच दोन टोले दिले आणि गाडी सुरू झाली. "कार्बन झिजले," ते म्हणाले. आतल्या तांब्याच्या गोल भागाला टेकून त्याला करंट पोचवणारे चार छोटे ठोकळे, ते कार्बन. शनिवारी त्यांनी नवे आणले आणि रविवारी ओसरीवर घरं आखली.

बॅटरीची तार काढून, चाकांना विटा लावून सर गाडीखाली शिरले. सेल्फ खाली आला. दुपारपर्यंत तो आठ घरांत पसरला होता. तांब्याचा भाग त्यांनी बारीक पॉलिशपेपरने असा घासला की त्यात तोंड दिसावं. नवे कार्बन बसवले. आता फक्त मागचं झाकण आणि त्याचे दोन लांब बोल्ट राहिले होते, तेवढ्यात आतून वहिनींना उलटी झाल्याचा आवाज आला. सर हात पुसत आत गेले.

आता मी काय केलं ते सांगतो. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण हात घातल्याशिवाय राहवतही नाही. माझा जन्म वडनेर भोलजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. बैलगाडीच्या आखाला एरंडीचं तेल पाजताना वडिलांना पाहत मी वाढलो. जे फिरतं त्याला तेल, आणि हात आखडता घ्यायचा नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. सरांचा तो सेल्फ मला कोरडाठाक दिसला. मी घरी गेलो, वडिलांनी गावाहून पाठवलेली एरंडीच्या तेलाची बाटली आणली, झाकणातल्या, सेल्फचा आस फिरतो त्या भोकात तेल ओतलं, आणि उगीच कसर नको म्हणून त्या चकचकीत तांब्यावरही धार धरली. वर झाकण लावून दोन्ही बोल्ट आवळून टाकले. उरलेली घरं मी रिकामी केली याचा मला अभिमान वाटला.

सर बाहेर आले ते घाईत होते. "लावलं का? बरं झालं बाप्पा," म्हणाले आणि सेल्फ गाडीला चढवला. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. मंगळवारही नीट गेला.

शुक्रवारी सकाळी टक् सुद्धा झालं नाही.

वहिनी गाडीत बसलेल्या होत्या. पान्याचे टोले मारून झाले, काही उपयोग नाही. गल्लीतल्या चौघांनी धक्का दिला, गाडी सुरू झाली. वाटेत लागलं तर असावं म्हणून मी मागे बसलो. रेल्वे फाटकापाशी गाड्यांची रांग होती. फाटक उघडल्यावर घाईत सरांचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी उतरून एकटाच ढकलू लागलो. गाडी हलेना. मग माझ्या हातांशेजारी डिकीवर आणखी दोन हात आले. डाव्या मनगटावर सुयांच्या जागेची पट्टी होती. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही बसा ना." त्या म्हणाल्या, "ढकला भाऊ. बसूनच राह्यते मी सारा दिवस." मागचे दोघे-तिघे ते पाहून धावत आले आणि गाडी निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा मशीनवर दुसरा पेशंट होता. तो मशीनवरून उठेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि त्याच्यामागेही लोक होते. वहिनी बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. आडवं झालं की त्यांना धाप लागायची, म्हणून बसूनच. सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो आणि सेल्फला शिव्या देत होतो. माझ्या बाटलीचं नावही माझ्या मनात आलं नव्हतं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी सुषमा नागपूरहून आली. एकुलती एक, तिथे नोकरीला. आईचा सुजलेला चेहरा पाहून ती माझ्यासमोरच बापाला म्हणाली, "प्रयोग करायचे होते तं शाळेत करायचे, बाबा. आईवर काऊन केले?" सर म्हणाले, "हो. चुकलं."

रविवारी त्यांनी पुन्हा घरं आखली. सुषमा दारात भाजी निवडत बसली होती, मी शेजारी. सरांनी सेल्फचं मागचं झाकण काढलं. आतून काळा चिखल निघाला. कार्बनची भुकटी तेलात कालवून तांब्यावर थापली गेली होती. सरांनी झाकण नाकाजवळ नेलं. एरंडीचा वास मी बसलो होतो तिथपर्यंत आला आणि मला माझी बाटली आठवली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "फडकं आनतो," म्हणाले आणि झाकण हातात घेऊनच आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात फडकं होतं.

"काय निंगालं, बाबा?" सुषमाने विचारलं.

"तेल जास्त झालं. माह्या हातानं."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. सुषमाने भाजीची परात उचलली आणि ती आत गेली. त्यानंतर कितीतरी महिने ती बापाशी कामापुरतंच बोलायची, फोनही आईच्या नावाने करायची. शाळेत ही गोष्ट पोचल्यावर स्टाफरूममध्ये थट्टा झाली, विज्ञानाच्या सरांनी मोटरला तेल पाजलं म्हणून. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आजही आठवलं की मला माझी शिसारी येते.

तेव्हापासून मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्या दारात जाऊ लागलो. वहिनींना हात धरून गाडीत बसवायचं, गाडी सुरू झाल्याचं ऐकायचं आणि मग शाळेत जायचं. सुरुवातीला तो नुसता अपराधीपणा होता. हळूहळू सवय झाली, आणि पुढे तर गेल्याशिवाय चैन पडेना. वहिनी गाडीत बसता बसता मला म्हणायच्या, "आज काय शिकोता पोराईले?" मी कवितेच्या दोन ओळी म्हणायचो. त्या त्यांना पाठ व्हायच्या आणि परतल्यावर सरांना म्हणून दाखवायच्या. सेल्फ पुन्हा कधी अडला नाही. वहिनी त्यानंतर दीड वर्ष जगल्या.

वहिनी गेल्यावरही सर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच वेळी गाडी सुरू करत. दोन मिनिटं ऐकत आणि बंद करून घरात जात. पुढे ते निवृत्त झाले, मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी वाकायला, ओझं उचलायला मनाई केली. नेमका तेव्हाच सेल्फ पुन्हा टक् म्हणायला लागला. सरांनी मला हाक मारली. "मराठीवाले, कार्बन संपले पुन्हा. या खेपेले तुमच्या हातानं."

ते खुर्चीत बसून सांगत होते आणि मी गाडीखाली होतो. सेल्फ खाली यायला तीन तास लागले. घरं मात्र त्यांनीच काढली, खुर्चीतून वाकून, डॉक्टरांना न जुमानता. नवे कार्बन बसले. झाकण हातात घेतलं तेव्हा सर म्हणाले, "आता तेल."

माझा हात थांबला. मान वर करायची हिंमत होईना. खालीच बघत मी म्हणालो, "सर, तेव्हा तेल मी टाकलं होतं."

"एरंडीचं व्हतं," सर म्हणाले. "अख्ख्या गल्लीत एकाच घरी येते ते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सुषमा तुम्हाला इतकं बोलली."

सर म्हणाले, "झाकन घेऊन आत गेलो होतो ना मी. तुमच्या वहिनीले वास देला. म्हटलं, हे पाय. तं तुमची वहिनीच म्हने, त्या भाऊले सांगू नका. त्याईले समजलं का आपल्याले समजलं, तं ते शरमीनं आपल्या दारात येनं सोडतीन. सुषमा पोरगी हाय, आज रागावली तं उद्या बोलन. शेजारी गेला तं गेला." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरोबरच म्हने तुमची वहिनी. तुम्ही आले नसते."

खरंच, मी गेलो नसतो. मी तसाच माणूस आहे.

मला रडू आवरेना. सरांनी ते होऊ दिलं. मग खिशातून काडेपेटी काढून एक काडी पुढे केली. "काडीच्या टोकानं दोन थेंब. भोकातच. तांबं कोरडं पाह्यजे, येवढं ध्यानात ठेवा." मी दोन थेंब टाकले, झाकण लावलं आणि सेल्फ गाडीला चढवला. गाडी सुरू झाल्यावर सर नेहमीसारखे ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "सुषमाले हे सांगू नका. आता काऊन उकरता?" मी हो म्हणालो.

महिन्याभरातच सर गेले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सुषमा ओसरी पुसत होती. आईसारखीच वाकून, मागे मागे सरकत. कोपऱ्यात सरांनी शेवटची काढलेली घरं तशीच होती. वहिनी असत्या तर दुसऱ्याच दिवशी पुसली गेली असती. सुषमाचा हात त्या घरांपर्यंत आला, तेव्हा मी म्हणालो, "थांब जरा. मला काही सांगायचंय."

सरांना दिलेला शब्द मी मोडला. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांनी एकदा माझ्यासाठी पोरीचा राग पत्करला होता, आणि तो त्यांच्या नावावर तसाच राहू देणं मला जमलं नसतं. बाटलीपासून काडीपर्यंत सगळं सांगितलं.

ती बादलीशेजारी बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "बाबाले माहीत होतं?"

"हो."

"आईले पन?"

"आईनेच सांगू नका म्हटलं. मी यायचा बंद होईन म्हणून."

तिने फडकं उचलून बादलीत बुडवलं. आता ती मला जा म्हणेल, असं मला वाटलं आणि मी चप्पल शोधू लागलो.

"बसा काका," ती म्हणाली. "चहा ठेवते." मग तिने फडकं पिळलं, खडूच्या घरांच्या कडेकडेने राहिलेली फरशी पुसली आणि ती आत गेली.