पाचवा फाऊल

बालाघाटनं चिंतामण दाणी हा माणूस पहिल्यांदा पाहिला, तो आपल्याच संघाचा एक गुण कमी करा म्हणून ओरडताना. १९९२ सालचा जानेवारी होता. सिमेंटच्या मैदानावर गोफण छाप बिडीचा बास्केटबॉल संघ खेळत होता आणि भोवती तारेच्या कुंपणाला लोक चिकटून उभे होते. टेबलावर गुण लिहिणाऱ्या गृहस्थांनी फळ्यावर बेचाळीस लिहिले, तसा गर्दीतून एक चष्मेवाला किडकिडीत माणूस ओरडला, "एक्केचाळीस! रेषेवर पाय पडला होता, तो गुण रद्द झालाय!"

"ओ साहेब, तुम्ही कोणाकडून?" शेजारच्यानं विचारलं.

"आपल्याकडूनच."

"मग गप बसा ना बाप्पा! देवानं दिलं तं घेऊन घ्या!"

रेफरीनं तपासलं. गुण एक्केचाळीसच होते. तो सामना बालाघाट एका गुणानं हरलं, आणि त्या संध्याकाळी दाणींना चौकात बऱ्याच शिव्या खाव्या लागल्या. पण जिल्हा संघटनेचे सचिव चैतराम दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं घर शोधत आले. म्हणाले, "असा माणूस कुंपणाबाहेर उभा राहावा, हे आम्हाला शोभत नाही. उद्यापासून टेबलावर बसा."

दाणी भू-अभिलेख कार्यालयात ट्रेसर होते. शेतांचे नकाशे मेणकागदावर उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. एक रेघ केसभर सरकली तर दोन भावांची डोकी फुटतात, असं ते म्हणत, त्यामुळे त्यांच्या हाताला चूक करायची सवयच नव्हती. पुढची पाच वर्षं, दर जानेवारीत भरणाऱ्या जिल्ह्याच्या स्पर्धेतला प्रत्येक सामना त्यांनी लिहिला. गोंदियाचे, राजनांदगावचे खेळाडूही त्यांना ओळखू लागले. दाणींनी लिहिलं म्हणजे त्यावर कोणी वाद घालत नसे.

टेबलावर बसणाऱ्याला बाजू नसते. टाळी वाजवायची नाही, 'अरे' म्हणायचं नाही, चेहराही बदलायचा नाही. दाणींना हे फार जड जाई, कारण गोफण छाप संघावर त्यांचा जीव होता आणि तो संघ त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत चालला होता.

संघ बिडीवाल्या बाबूलालशेठच्या हौसेचा. खेळाडूंना दरमहा पगार होता आणि बिडीच्या गोदामामागे राहायला खोल्या होत्या. पण शेठ वर्षातून दोनदा मैदानावर येत. बाकी सगळा कारभार डोमाजींच्या हातात. डोमाजी शेठचे जुने मुनीम. हिशोबाला चोख आणि माणूस मनानं वाईट नव्हता, पण बास्केटबॉल त्यांना वखारीसारखाच वाटे. एकदा जोडे घाऊक भावात मिळाले म्हणून बाराही जणांना आठ नंबरचेच आणले. भिलाईहून आलेला साडेसहा फुटी खेळाडू शेठ आले तेव्हा उभा राहिला नाही, म्हणून त्याला काढून टाकलं. तीन वर्षांत चार प्रशिक्षक झाले. चौथे व्हॉलीबॉलचे होते. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडू बिडीच्या बंडलांवर लेबलं चिकटवत बसलेले दाणींनी स्वतः पाहिले होते.

घरी येऊन ते पत्नीपाशी बोलून मोकळे होत. "मीनाक्षी, त्यांच्याकडे कुशलसारखा नेमबाज आहे. तीन बोटांनी चेंडू टाकतो. त्याला बसवून ठेवतात!"

"तुमचं जेवण गार होतंय," मीनाक्षीबाई म्हणत. "आणि डोमाजीला सांगा ना हे. मी काय संघ चालवते?"

डोमाजींना त्यांनी सांगूनही पाहिलं. डोमाजी हसले. "दाणीसाहेब, तुमी लिवा, आमी खेळवतो."

कुशल बाहेर बसायचा, कारण आत गजेंद्र होता. गजेंद्र डोमाजींचा भाचा, कटंगीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, बावीस वर्षांचा. हाडापेरानं दणकट, पण चेंडू हातात आला की घाबरल्यासारखा दुसऱ्याला देऊन टाकायचा. टोपलीत तर महिन्यातून एखादा पडे. प्रेक्षक त्याला 'भाचेसाहेब' म्हणत. तो मैदानात आला की कुंपणामागून आवाज यायचा, "आले रे आले, मामाचे लाडके!" गजेंद्र खाली बघून जोड्याची नाडी बांधत राही. दाणींनाही त्याचा राग यायचा. डोमाजींवर काढता न आलेला सगळा राग त्यांनी मनातल्या मनात या पोराच्या नावावर जमा केला होता.

१९९७च्या अंतिम सामन्यात समोर राजनांदगावचा संघ होता. तीन मिनिटं उरली तेव्हा बालाघाट पाच गुणांनी मागं होतं. कुशल टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसलेला, आणि गजेंद्र आत. कुंपणामागचे लोक "कुशल! कुशल!" ओरडत होते. डोमाजींनी विश्रांती मागितली. आता बदल होणार असं सगळ्यांना वाटलं. डोमाजींनी त्या मिनिटभरात सगळ्यांना नारळाचा प्रसाद वाटला आणि तेच पाच जण परत आत पाठवले.

दाणींना चेहराही बदलता येत नव्हता.

लगेच शिट्टी वाजली. राजनांदगावच्या बारा नंबरच्या उंच खेळाडूला गजेंद्रनं ढकललं होतं. रेफरीनं टेबलाकडे बोटांनी अकरा दाखवले. गजेंद्रचा अकरा नंबर, आणि हा त्याचा चौथा फाऊल. खेळाडूचे पाच फाऊल झाले की तो बाहेर जातो. प्रत्येक फाऊलला कागदावरचा एक चौकोन भरायचा आणि तितव्या नंबरची पाटी उचलून दाखवायची, हे दाणींचं काम.

त्यांनी चौथा चौकोन भरला. मग पेन उचललं नाही, पाचवाही भरला. रेघ चौकोनाबाहेर जराही गेली नाही, हे त्यांना पुढं अनेक वर्षं आठवत राहिलं. आणि पाच नंबरची लाल पाटी त्यांनी उंच धरली.

मैदानात आनंदाची आरोळी उठली. गजेंद्र पाटीकडे बघत उभा राहिला. मग टेबलापाशी आला. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

"काका, चार झाले ना माझे?"

"पाच," दाणी म्हणाले, आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

गजेंद्रनं कागदाकडे बघितलंही नाही. "तुमी लिवलं असंन तं बरोबरच असंन," तो म्हणाला, आणि नियमाप्रमाणे हात वर करून बाहेर गेला.

कुशल आत आला. त्यानं तीन मिनिटांत आठ गुण केले आणि बालाघाट एका गुणानं जिंकलं. लोकांनी डोमाजींना खांद्यावर घेतलं. शेठनी माईकवरून सांगितलं की जोवर संघ आहे तोवर डोमाजीच त्याचे मॅनेजर राहतील. ज्या कारभाराचा दाणींना वीट आला होता, त्यावर त्यांच्याच पेनानं मोहोर उठवली होती. बाकामागं गजेंद्र डोक्यावरून टॉवेल घेऊन बसला होता आणि डोमाजी हार घातलेल्या गळ्यानं त्याच्यावर खेकसत होते, "पाच फाऊल! बेटा, मोजता नाई येत तुले? नाक कापलंस माह्यं!"

रात्री जेवण झाल्यावर दाणींनी कागदाची कार्बन प्रत उघडली. ती पाहायची त्यांची सवय होती. राजनांदगावच्या बारा नंबरच्या खेळाडूनं पहिल्या अर्ध्यात वीस गुण केले होते. दुसऱ्या अर्ध्यात गजेंद्र त्याच्या अंगावर उभा राहिला, तेव्हापासून फक्त चार. पोरगा टोपलीत चेंडू टाकायला आत नव्हताच. एका माणसाला अडवायला होता, आणि ते काम त्यानं फाऊल अंगावर घेऊन केलं होतं. ही एक गोष्ट डोमाजींना बरोबर कळली होती, का नशिबानं जमली होती, कोण जाणे. पाच वर्षं खेळ लिहिणाऱ्या माणसाला मात्र ती दिसली नव्हती.

"काय झालं?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"काही नाही. जिंकलो."

आठवड्याभरात गजेंद्रला कटंगीला परत पाठवल्याचं कळलं. दोन वर्षांनी संघही मोडला. दाणींनी त्याआधीच डोळ्यांचं कारण सांगून टेबल सोडलं होतं. डोळे ठणठणीत होते. ऑफिसात ते अजूनही केसासारख्या रेघा काढत होते. २००३ साली निवृत्त झाले तेव्हा मीनाक्षीबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? कटंगीची बस सकाळी सातला असते."

गजेंद्र धान खरेदी सोसायटीत वजनकाट्यावर कामाला होता. पोट सुटलं होतं, मिशा ठेवल्या होत्या. दाणींना बघताच त्यानं पायाला हात लावला. "काका! इकडं काहून? बसा, बसा." बोलता बोलता तो एका गाड्यावरची पोती मोजत होता, एकदा मोजली, आणि परत पहिल्यापासून मोजली.

"दोनदा मोजतोस?"

"हौ. सगळं दोनदा मोजतो मी. त्या दिवशी मैदानात माह्या हिशोबानं चार होते, निघाले पाच. तवापासून मले माह्यावर भरवसाच नाई राह्यला." तो हसला. "बायको म्हणते, पोरंही दोनदा मोजून घेता का?"

दाणींनी तिथंच, पोत्यांच्या थप्पीपाशी उभ्यानं सांगितलं. काही लपवलं नाही. चारच होते, पाचवा मी भरला.

गजेंद्रचं हसू हळूहळू उतरलं. गाड्यावरचा माणूस हाका मारत होता, त्याच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. "काहून?" त्यानं विचारलं. दाणींपाशी उत्तर होतं, पण ते पोरापुढं मांडण्यासारखं नव्हतं. "राग डोमाजीचा होता," ते एवढंच म्हणाले.

"मंग मामाले शिक्षा द्याची होती." तो म्हणाला. "माहं चुकलं असं समजून मी घरी येऊन बसलो, काका. आता सांगा, कोणाच्या नावानं बसू?"

गाड्यावरच्या माणसानं परत हाक मारली.

"एक करा," गजेंद्र म्हणाला. "मामाले सांगा. जिथं बेइज्जती झाली, तिथंच सांगा. सगळ्याइसमोर."

पुढच्या जानेवारीत स्पर्धेच्या उद्घाटनाला दाणींनी चैतरामांकडून दोन मिनिटं मागून घेतली. मंचावर डोमाजी पाहुणे म्हणून बसले होते, पांढऱ्या केसांचे, खुर्चीत मावत नव्हते. गजेंद्र कटंगीहून आला होता. कुंपणापाशी बायकोला घेऊन उभा होता. दाणींनी लिहून आणलेला कागद वाचला. "अकरा नंबरचे खेळाडू गजेंद्र यांचे चारच फाऊल होते. पाचवा मी खोटा लिहिला. मी त्यांची आणि या खेळाची माफी मागतो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "वा दाणीसाहेब! म्हणजे कप तुम्हीच जिंकून दिला!"

हशा पिकला आणि पाठोपाठ टाळ्या. चैतरामांनी माईक घेतला. "बघा, याला म्हणतात गावाचं प्रेम! भाचेसाहेबांना बाहेर काढायची हिंमत कोणात नव्हती, ती आमच्या दाणीसाहेबांनी दाखवली!" पुन्हा हशा. डोमाजी उठले, दाणींना मिठी मारली आणि त्यांच्या कानात म्हणाले, "मले सांगितलं असतं तं मीच काढला असता हो त्याले. जाऊ द्या, जुनी गोष्ट हाये."

"तसं नाही," दाणी म्हणत होते, "ऐका, तसं नाही." पण माईक त्यांच्या हातात नव्हता, आणि कोणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला होता. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. गजेंद्रच्या बायकोनं पदर तोंडावर घेतला होता. गजेंद्र तिला पुढं घालून गर्दीतून वाट काढत होता, आणि लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, "काय भाचेसाहेब, ऐकलं का?"

दाणी दोनदा कटंगीला जाऊन आले. एकदा गजेंद्र गाड्याबरोबर वारासिवनीला गेला होता. दुसऱ्यांदा घरातच होता, पण त्याच्या बायकोनं दारातून सांगितलं की नाहीत.

चिंतामणराव आता सहासष्ट वर्षांचे आहेत. मीनाक्षीबाईंना सांधेदुखी आहे, त्यामुळे सकाळचं पाणी तेच भरतात. दर जानेवारीत स्पर्धेची निमंत्रणपत्रिका येते; तिच्यावर 'विशेष अतिथी' म्हणून त्यांचं नाव डोमाजींच्या खाली छापलेलं असतं.