समीक्षानं उघडलेलं लॉगचं पान

माण तालुक्यातल्या बिरदेव मेंढपाळाची लेक समीक्षा दहिवडीत जनावरांच्या एका मदत केंद्रात संगणकाचं काम बघते. मेंढरं आजारी पडली की मेंढपाळांनी कळपाचा नंबर आणि मुक्कामाचं गाव मेसेजनं कळवायचं; केंद्राचा सर्व्हर तो मेसेज जवळच्या डॉक्टरकडे धाडतो. आलं काय, गेलं काय, याची ओळीमागं ओळ सर्व्हर लिहीत जातो. तो लॉग. पूर्वी तो बघायचा तर पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या जयराजकडे मागावा लागे, आणि त्याची फाइल येईतो दिवस कलायचा. म्हणून गेल्या वर्षी समीक्षानं एक पान तयार केलं. ब्राउझरमध्ये ते उघडलं की सर्व्हरवर ओळ उमटली रे उमटली, ती समोर दिसायची.

यंदा माघात एका सकाळी तिच्या आईचा, धोंडुबाईचा फोन आला. कळप पलूसजवळ तुटलेल्या उसाच्या रानात बसला होता.

"तीनदा मेसेज टाकला, बाय. कोण आलं न्हाई. चार मेंढ्या माना टाकून पडल्यात."

समीक्षानं आधी पलूसच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच निघाले. पण आईकडे लेकीचा नंबर होता; बाकीच्या मेंढपाळांनी कुणाला सांगायचं?

तिनं पान उघडलं. मेसेज येत होते, पण मधूनच 'कळपाचा नंबर ओळखता आला नाही' अशी ओळ पडत होती. तिनं आईचे मेसेज शोधले. नंबर तर बरोबर होता, ४१७. दोनदा वाचला तेव्हा ध्यानात आलं. आकडे मराठी होते. भाऊ पप्पूनं आईला नवा फोन देताना मराठीत टाइप करायची सोय करून दिली होती, आणि सर्व्हरला इंग्रजीच आकडे कळत होते. दोन दिवसांत आणखी अकरा मेंढपाळांचे मेसेज असेच वाया गेले होते.

मराठी आकडा आला तर तो बदलून घ्यायचा, एवढीच दुरुस्ती. तिनं ती लिहिली, जयराजनं तपासून सर्व्हरवर चढवली.

"आय, आता परत टाक," तिनं फोनवर सांगितलं.

ती स्क्रीनकडं बघत बसली. मिनिटभरानं ओळ आली: 'कळप 417, डॉक्टरांना कळवलं.' समीक्षानं खुर्चीला पाठ टेकली. मग त्या अकरा जणांना एकेक फोन करून त्यांच्या गावचे डॉक्टर जोडून दिले.

तिसऱ्या प्रहरी बिरदेवचा फोन आला.

"सुया दिल्या. तिगी उठून उभ्या हायत. चौथी बी पाणी प्याली. डॉक्टर म्हणलं, येळंत कळालं." मग त्यानं विचारलं, "तू जेवलीस का न्हाई?"

"न्हाई अजून," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला भूक लागली.