शिऱ्याचा डबा

‘मुलांना एकटं काहीतरी करू द्या, आत्मविश्वास वाढतो,’ शाळेतल्या बाई म्हणाल्या. सांगायला काय जातंय! तरी सहा वर्षांच्या लेकीच्या हातात खालच्या काकूंचा डबा दिला. त्यांनी कोळंबीचं कालवण पाठवलं होतं. रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्यात शिरा भरला. बेलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोनच मजले खाली जायचं होतं. पण लिफ्टचं दार मिटलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. डबा सांडला तर? भलत्याच मजल्यावर उतरली तर? मी अनवाणीच जिना उतरले आणि वळणावर दबा धरून बसले.

बेल वाजली. काकूंनी दार उघडलं.

‘अगंबाई, एकटीच आलीस?’

‘मी एकटीच आले,’ लेक म्हणाली, ‘पण आईला एकटीला भीती वाटते ना, म्हणून ती जिन्यात बसलीय.’