लिलाबाईंचे हुकमी चार

अनसिंगजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीच्या लिलाबाई म्हणजे आकड्यांच्या जादूगारीण. मी त्यांची मदतनीस, त्यामुळे ही जादू मी वीस वर्षं खिचडी ढवळत पाहिली. वजनाच्या दिवशी आया घाबरतात, म्हणून बाई आधी त्यांना हसवायच्या. मनात एक आकडा धरा, दुप्पट करा, आठ मिळवा, अर्धे करा, धरलेला आकडा काढून टाका. चार उरले ना? बाया तोंडाला पदर लावायच्या. नऊच्या पाढ्यातले अठरा घ्या, सत्तावीस घ्या, छत्तीस घ्या, अंकांची बेरीज नऊच. बाई म्हणायच्या, नऊ म्हणजे चिवट पाहुणा, हाकलला तरी जेवायला हजर. लोक त्यांना लॉटरीचा नंबरही विचारायचे आणि बाईंना ते आवडायचं. मला खटकायचं, पण बोलणार कोण?

संगीताची पिंकी चौदा महिन्यांची. या वयाला आठ किलो तरी हवेत, पण काट्याच्या झोळीत बसवली की साडेसहाच्या वर जाईना. बाईंनी तिला वाशीमच्या दवाखान्यात चौदा दिवस भरती करायला सांगितलं. संगीता म्हणाली, पुढच्या खेपेला तुम्हीच चांगला आकडा काढा. बाई हसल्या. मीही हसले.

पुढच्या महिन्यात काटा सहा किलो दोनशेवर थांबला. पिंकी झोळीत रडलीसुद्धा नाही.

संगीता शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी मनातला आकडा काढता. मंग काट्यावर आठ काढा ना."

ती थट्टा करत नव्हती. महिनाभर ती याच भरवशावर घरी बसली होती.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिला खाली बसवलं, उसळीचे हरभरे घेतले. तिच्या मनातल्या आकड्याइतके दाणे दोनदा मांडायला लावले, त्यात आठ टाकले, अर्धे उचलले, मग तिचा आकडा बाजूला केला. उरले ते फक्त आठातले अर्धे. आठाऐवजी दहा टाकून बघ म्हणाल्या, पाच उरले. वीस वर्षांची जादू सगळ्या बायांसमोर उघडी पडली.

संगीता दाण्यांकडे बघत राहिली. "म्हंजे काट्यावर तुमचं काईच चालत नाई?"

"नाई व माय."

"मंग मांगच्या महिन्यात काहून नाई सांगतलं?"

रजिस्टर तसंच उघडं टाकून बाईंनी पिंकीला पदरात गुंडाळलं, कडेवर घेतलं आणि चप्पल न घालताच रस्त्यावर वाशीमची जीप थांबवायला धावल्या.