हौशीरामदादाचं फुकटचं नेपाळ

मरायच्या दिवशी सकाळी पण आमचा हौशीरामदादा मळवली फाट्यावर अंगठा दाखवून टेम्पो थांबवत व्हता. दोस्तांसंगं नेपाळात फुकट ट्रकातनं हिंडून आल्यापासनं त्याला तिकीट काढायचं म्हंजी कमीपणा वाटायचा. त्या सफरीतल्या जोडीदाराला, धोंडूला म्हणला, "दिवाळीनंतर परत जाऊ." आन् दुपारी जेवताना छातीत कळ येऊन गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. वयनी म्हणली, "पोरीचं लगीन करीन." पोरगा म्हणला, "बंगलेवाल्यान्ला जमीन इकणार न्हाई." ते तर कावळ्याला पण खरं वाटलं न्हाई. मग धोंडूनं अंगठा वर केला, "हौश्या, तुजा फोटू घिऊन नेपाळला जातो. तिकीट काढणार न्हाई!"

कावळा लगीच उतरला. तवा कुटं मला रडू फुटलं.